मदत हवी आहे: फांद्या दोरावरून उतरवताना खालचं टोक कशाला बांधावं?

कौलांवर झुकलेल्या हापूसच्या चार फांद्या काढायच्या आहेत, प्रत्येकी ५०-६० किलोच्या. झाडापासून अंगणापलीकडे तिरका दोर ताणून कप्पीवरून घसरवायचा विचार आहे. पलीकडे जांभ्याचा गडगा, दोन पोफळी, थोडा बाजूला जुना फणस. माती चारेक फूट, खाली कातळ. एक पहार ठोकली तर पुरेल का?

प्रतिसाद १
नाही पुरणार. दोर जितका तंग, तितका ताण जास्त. फांदी मध्यावर आल्यावर दोर दोन्हीकडे जेमतेम ५ अंश झुकत असेल, तर ताण वजनाच्या पावणेसहापट होतो. म्हणजे ६० किलोला साधारण ३४० किलो, आणि कापताना बसणारा हिसका वेगळा. ३० अंश झोळ असेल तर तो वजनाइतकाच राहतो. म्हणून झोळ ठेवा आणि फांदी आधी दुसऱ्या दोराने झेलून मग हळूच कप्पीच्या दोरावर सोडा. मागून आवरायला एक दोर हवाच.
गडग्याचे चिरे नुसते रचलेले असतात, पोफळ बारीक. दोन्ही नकोत. फणसाच्या बुंध्याला जमिनीलगत रुंद पट्टा, हे सर्वात उत्तम.

धागाकर्ता
फणसाकडे नेला तर दोर पडवीच्या कोपऱ्यावर घासतो.

प्रतिसाद २
मग एकामागे एक तीन खुंटे ठोका, दोराच्याच रेषेत. प्रत्येक ५ फुटी, ३ इंच जाडीचा, त्यातला ३ फूट जमिनीत. दोन खुंट्यांत ३ ते ६ फूट अंतर. डोकं ओढीच्या उलट बाजूला साधारण १५ अंश कललेलं हवं. मुख्य दोर पहिल्याच्या तळाशी, मातीला टेकून. वर बांधला की खुंटा उपटतो. पहिल्याच्या डोक्यापासून दुसऱ्याच्या पायापर्यंत दोरीचे चार-पाच वेढे, मधे काठी घालून पीळ द्या, काठी मातीत रोवा. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत तसंच. वेढे सैल राहिले तर सगळा भार पहिल्यावर येतो आणि तो पुढे झुकला की मागचे दोन नुसते उभे राहतात.
घट्ट, न उकरलेल्या मातीत अशी रांग ८०० किलोच्या आसपास धरते. भिजलेल्या चिकणमातीत निम्म्यावरही येऊ शकते, तेव्हा पावसानंतर लगेच करू नका. आळं किंवा भरावाची जागाही टाळा.
पहिल्या खुंट्यापुढे माती फुगून भेग दिसली तर तिथेच थांबा. दोराच्या रेषेत कोणी उभं राहू नये, खुंट्यांमागेही नाही. पहिली फांदी सर्वात हलकी घ्या.