मदत हवी आहे: गळक्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वॉरंटीतून दुरुस्ती

नमस्कार. अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (गाडीच्या धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या भागाला) 8 वर्षे किंवा 80,000 मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर, उत्सर्जन वॉरंटी असते आणि माझी गाडी 7 वर्षांत 71,000 मैल चालली आहे. सकाळी गार इंजिन सुरू केले की खालून फटफट आवाज येतो; कन्व्हर्टरच्या वेल्डलगत काजळीची काळी रेघही स्पष्ट दिसते. डीलरचे म्हणणे असे, की चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही आणि गळती गॅस्केटची (सांध्यातल्या सीलची) आहे, त्यामुळे खर्च मलाच करावा लागेल. मला हे अजिबात पटत नाही, कारण तो वेल्ड कन्व्हर्टरचाच भाग आहे. आधी लेखी नकार मागावा, की थेट उत्पादक कंपनीकडे दाद मागावी? ज्यांचा असा दावा मंजूर झाला, त्यांनी कोणते पुरावे जोडले होते ते कृपया कळवावे.