मदत हवी आहे: आपल्या काळ्या मातीत फुल सस्पेन्शन ट्रेल सायकल टिकते का?

मंडळी, नमस्कार. मी इंदूरला राहतो, वय ४७, वजन ८२ किलो. सहा वर्षं हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) चालवतोय, पुढे १०० मिमी दबणारा फोर्क. दर रविवारी महूकडे निघतो, जानापावला डांबरी रस्त्याने चढतो आणि उतरताना पायवाट धरतो. चढाचं काही नाही. उतारावर मात्र सुट्ट्या दगडांवरून मागचं चाक उधळतं आणि एकेक दणका थेट कमरेत येतो. मागच्या महिन्यात चार दिवस वाकता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण दणके कमी करा. म्हणून फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे दणके झेलणारी.

एक सेकंडहँड ट्रेक फ्युएल ईएक्स मिळतेय, २०२१ची. मागे १३० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबण्याचं अंतर), पुढे १४०, चाकं २९ इंची. याहून जास्त ट्रॅव्हल मला नको, कारण पायवाट लागेपर्यंत बराच डांबरी रस्ता तुडवायचा असतो.

परवा एका दुकानात दुसरीच एक फुल सस्पेन्शन चालवून पाहिली. शॉकमधली (मागचे दणके झेलणाऱ्या नळीतली) हवा कुणा हलक्या माणसाच्या हिशेबाने भरलेली, मी बसताच मागची बाजू निम्मी खाली गेली. पॅडल मारताना डुचमळत होती, फूटपाथवरून उतरवली तर शॉक तळाला टेकला. शॉकपंप दुकानात नव्हताच. तेवढ्यावरून मत बनवणं बरोबर नाही, म्हणून सॅग (नुसतं बसल्यावर वजनाने सस्पेन्शन दबतं ते प्रमाण) नीट २५-३० टक्के लावून ज्यांनी चालवली आहे त्यांनी सांगा: चढावर शॉक लॉक करावा (दबू नये असा घट्ट करावा) लागतो का, आणि कमरेला खरंच फरक पडला का?

खरी काळजी देखभालीची आहे. या ट्रेकला लिंकच्या (मागची बाजू हलवणाऱ्या दांड्यांच्या) बेअरिंगांशिवाय मागच्या एक्सलभोवतीही एक पिव्हट (फिरता सांधा) आहे, म्हणजे चाकाने उडवलेला चिखल नेमका तिथेच. आपली काळी माती पावसात टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी ठासून बसते की चाक फिरत नाही, वाळल्यावर काडीने खरवडावी लागते. प्रेशरच्या पाण्याने धुवावं तर बेअरिंगमधलं ग्रीस जातं. माळव्यात, किंवा विदर्भ-मराठवाड्यातल्या अशाच मातीत, बेअरिंग किती पावसाळे काढतात? की पावसाळ्यात तुम्ही तिला बाहेरच काढत नाही?

शॉकची एअर कॅन (हवेची बाहेरची नळी) दर ५० तासांनी उघडावी म्हणतात. रविवारचे चार तास धरले तर माझ्यासाठी ते साधारण तीन महिने झाले. सील बदलणं घरी जमतं का? पूर्ण डॅम्पर (शॉकमधला तेलाचा भाग) सर्व्हिस इंदुरात कुणी विश्वासाने करतं, की शॉक काढून पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो?

शनिवारी सायकल बघायला जातोय. सीट धरून मागची बाजू वर-खाली हलवून सांध्यांत ढिलेपणा आहे का बघणार, फोर्कच्या नळ्यांवर नखाला लागणारा ओरखडा आहे का तेही बघणार. आणखी काय तपासू?