जीटीएमध्ये (टोरांटो आणि आजूबाजूच्या शहरांत) घरांचे भाव पडतायत ते नेमकं कशावरून मोजायचं?

चहा_बिस्किट
नमस्कार मंडळी. आम्ही मिसिसागात स्क्वेअर वनजवळ भाड्याच्या कॉन्डोत राहतो, मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी. बरेच दिवस टाऊनहाऊस बघतोय, मुख्यतः मिल्टन आणि थोडं ब्रॅम्प्टन. प्रॉब्लेम असा की जो भेटतो तो वेगळंच सांगतो. रिअल्टर (घरांचा एजंट) म्हणतो बँक ऑफ कॅनडाने २०२५ च्या ऑक्टोबरात व्याजाचा मूळ रेट २.२५ टक्क्यांवर आणला, हाच तळ, आता नाही घेतलं तर वसंतात एकेका घरामागे दहा ऑफर असतील. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण म्हणतो अजून बरंच पडणार, गप्प बसा. सासूबाई साताऱ्याहून दर रविवारी विचारतात की अजून किती भाडं भरणार, इथल्या भाड्याचे रुपये करून बघितल्यापासून तर त्यांची झोपच उडालीय. आणि बातम्या वाचाव्यात तर एकाच रिपोर्टवरून एक जण लिहितो विक्री वाढली, दुसरा लिहितो भाव घसरले.

तर तुमच्यातले जे लोक हे नेमाने बघतात ते नक्की काय बघतात? घेऊ की नको हे नका सांगू (सांगाल म्हणा, माहितीये मला), पण आमचं आम्हाला कळेल असं काहीतरी हवंय.

एक्सेल_काका
आधी सरासरी भाव बघणं सोडा. फेब्रुवारी २०२२ मध्ये जीटीएची सरासरी १३ लाख ३४ हजार डॉलरवर गेली होती, २०२५ च्या ऑक्टोबरात साडेदहा लाखांच्या आसपास होती, म्हणजे एकवीस-एक टक्के घसरण, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण सरासरीत काय विकलं गेलं याचीच भेसळ असते. एखाद्या महिन्यात कॉन्डो (फ्लॅट) कमी आणि डिटॅच्ड (स्वतंत्र घरं) जास्त विकले की सरासरी वर, लगेच पेपरात "बाजार सावरला". रिअल इस्टेट बोर्डाचा रिपोर्ट दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो, त्यात एचपीआय बेंचमार्क (ठराविक नमुना घराचा भाव) असतो तो त्यातल्या त्यात बरा, पण तोही सगळ्या शहराचा, तुमच्या गल्लीचा नाही.

मी काय करतो, मिल्टनमधले विकले गेलेले टाऊनहाऊस एका शीटमध्ये टाकतो आणि त्यातले जे २०२० नंतर आधी एकदा विकले गेले होते तेवढेच वेगळे काढतो. तेच घर, तेच बेसमेंट, तेव्हा किती आणि आता किती. याच्याइतकं खरं दुसरं काही बोलत नाही. एक उदाहरण देतो, पत्ता देत नाही. तीन बेडरूम फ्रीहोल्ड टाऊनहाऊस, फेब्रुवारी २०२२ ला ११ लाख ४० हजारांना घेतलेलं. यंदा एप्रिलमध्ये ९ लाख ९९ ला लिस्ट केलं. जूनमध्ये टर्मिनेट, म्हणजे लिस्टिंग काढून घेतलं, दुसऱ्याच दिवशी नवीन नंबरने ९ लाख ४९. ऑगस्टमध्ये परत टर्मिनेट आणि मग मुद्दाम कमी, ७ लाख ९९, "ऑफर डेट अमुक तारखेला", म्हणजे सगळ्या ऑफर त्याच दिवशी बघणार. त्या तारखेला बहुतेक कोणी फिरकलं नाही, कारण पुढच्याच आठवड्यात भाव परत ८ लाख ९९. शेवटी गेलं ८ लाख ६५ ला. आता गंमत बघा, लिस्टिंगवर दिसतं की घर तीन आठवड्यांत विकलं गेलं. तीन आठवडे नाही हो, एप्रिलपासून पडून होतं, दर वेळी नवीन लिस्टिंग केलं की दिवसांचं मीटर शून्यावर. हाउससिग्मा ॲपवर घराचा जुना इतिहास दिसतो तो उघडून बघायची सवय लावा. ही सोय पूर्वी नव्हती, विकलेला भाव फक्त एजंटला दिसायचा. कॉम्पिटिशन ब्युरो आणि टोरांटो बोर्डाची केस वर्षानुवर्षं चालली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने बोर्डाचं अपील ऐकायला नकार दिला तेव्हा कुठे लॉगिन करून का होईना आपल्याला भाव दिसायला लागले.

दुसरं म्हणजे इन्व्हेंटरीचे महिने. चालू लिस्टिंग भागिले त्या महिन्याची विक्री. चार ते सहाच्या मध्ये असलं तर कोणाचाच जोर नाही, त्याच्या वर गेलं की घेणाऱ्याचा जोर. हे पूर्ण जीटीएचं नका काढू, मिल्टन टाऊनहाऊसचं वेगळं काढा. आणि डिसेंबर-जानेवारीचा आकडा आला की घाबरू पण नका आणि नाचू पण नका, बर्फात इथे कोण घर विकतं?

ढगात_गोळी
काका, शीट छान आहे. पण हीच शीट मी २०१७ ला पण बघितलीये. एप्रिल २०१७ ला प्रांतिक सरकारने फेअर हाउसिंग प्लॅन आणला, परदेशी घेणाऱ्यांवर १५ टक्के टॅक्स, भाव धडाधड खाली आले आणि सगळे म्हणाले थांबा आता फुगा फुटला. आमच्या ओळखीतलं एक जोडपं थांबलं, थांबलं ते थांबलंच, २०२१ च्या शेवटी दमून घेतलं आणि तेही सात ऑफरमध्ये इन्स्पेक्शनची अट सोडून. तळ सापडला हे तळ गेल्यावर कळतं. राहायला घर हवंय, हप्ता झेपतोय, शाळा चांगली आहे, तर घेऊन टाका, कशाला डोक्याला ताप.

एक्सेल_काका
@ढगात_गोळी, २०१७ नंतर भाव वर गेले कारण २०२० मध्ये रेट पाव टक्क्यावर आला. तो २०२२ च्या मार्चपासून चढवत जुलै २०२३ ला पाच टक्क्यांवर नेला, मग जून २०२४ पासून उतरवत ऑक्टोबर २०२५ ला सव्वादोनवर आणला. म्हणजे रेट निम्म्याहून खाली आलाय आणि तरी भाव उचलले नाहीत, हे २०१७ सारखं कसं? शिवाय २०२१ ला पावणेदोन टक्क्यांवर घराचं लोन पाच वर्षं फिक्स केलेले लोक २०२६ मध्ये रिन्यूअलला येतायत. हप्ता वाढणार. सगळे विकतील असं मी म्हणत नाही, बँका फेडीची वर्षं वाढवून देतात, पण जे काठावर आहेत ते विकतील. आणि भाडेकरू कमी झालेत, २०२४ च्या जानेवारीत स्टुडंट व्हिसावर कॅप आली, ऑक्टोबरात पीआरचं (कायम वास्तव्याच्या परवान्यांचं) २०२५ चं टार्गेट पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. ब्रॅम्प्टनमध्ये बेसमेंटच्या भाड्यावर हप्ता फेडणाऱ्यांना विचारा काय चाललंय.

ढगात_गोळी
विचारलं. एक बेसमेंट उन्हाळ्यापासून रिकामं आहे. ते माझंच आहे 😀

अडकलेला_असाइनी
बेसमेंटचं काय घेऊन बसलात. चहा_बिस्किट, तुम्ही टाऊनहाऊसच बघताय हे बरंय पण कोणी "प्री-कन्स्ट्रक्शन (बांधकामाआधी बुक करायचा) कॉन्डो डिस्काउंटमध्ये मिळतोय" म्हणून गळ्यात मारायला आला तर हे वाचा.

आम्ही २०२१ मध्ये मिसिसागात एक बेडरूम बुक केला, साधारण ११५० डॉलर स्क्वेअर फूट, वीस टक्के हप्त्याहप्त्याने भरले. बिल्डरचं नाव घेत नाही, वकिलांचं चालू आहे. आता बिल्डिंग तयार झाली, पझेशन मिळालं पण रजिस्ट्रेशन झालेलं नाही म्हणून दर महिन्याला ऑक्युपन्सी फी भरतोय, ज्यातला एक पैसा मुद्दलात जात नाही. आणि बँकेचा अप्रेझर (किंमत ठरवणारा) येऊन गेला, त्याने लावला आठशेच्या आतबाहेर. बँक लोन देते ते त्याच्या किमतीवर, माझ्या करारावर नाही. मधली फट माझ्या खिशातून क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण होण्याच्या) दिवशी रोख. असाइनमेंटला टाकला, म्हणजे दुसऱ्याला करार विकायचा, त्याला बिल्डरची परवानगी लागते, त्याची फी वेगळी, आणि गिऱ्हाईक येतं ते माझं निम्मं डिपॉझिट सोडायला सांगतं.

लोक म्हणतात सोडून दे ना मग डिपॉझिटवर पाणी. तसं नसतं! ऑन्टॅरिओत बिल्डर तोच फ्लॅट कमी भावाला विकून फरकासाठी तुमच्यावर दावा लावू शकतो. करार मोडायची मोकळीक फक्त पहिले दहा दिवस असते, त्या दहा दिवसांत आम्ही पेढे वाटत होतो.

चहा_बिस्किट
बापरे. खूप वाईट वाटलं वाचून. आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत अशाच एका प्रोजेक्टचं पोस्टर लागलंय, दोन वर्षांचं मेंटेनन्स माफ वगैरे.

स्कारबरो_१९८७
मी जुना माणूस, इथे कमीच लिहितो. आम्ही ८७ ला आलो. ८९ ला टोरांटोतली सरासरी होती २ लाख ७३ हजार, ९६ ला १ लाख ९८ हजार, आणि ८९ चा आकडा परत दिसायला २००२ उजाडलं. तेरा वर्षं! महागाई धरली तर त्याहून जास्त. तेव्हा व्याज तेरा-चौदा टक्के होतं हे खरं, पण आजच्या तरुण मंडळींना कोणी सांगत नाही की ती पडझड एका फटक्यात झाली नव्हती. ९० ला वाटलं झालं, ९२ ला वाटलं आता तरी झालं, ९४ ला लोकांनी त्याबद्दल बोलणंच सोडलं. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला ८८ साली घराच्या किमतीशिवाय दुसरा विषय नसायचा आणि ९५ ला कोणी घर घेतलं म्हटलं की लोक कीव करायचे. आम्ही ९६ ला स्कारबरोत सेमी (जोडघरातलं एक) घेतलं. हुशारी नव्हती हो, डाऊन पेमेंटच तेव्हा जमलं.

पुणे_टू_पिअरसन
८९ चं ऐकलं की मला आपलं पुणं आठवतं, २०१४ ते २०२०. तिथे भाव असे पडलेच नाहीत, नुसते बसून राहिले. हिंजवडी-वाघोलीत बिल्डर रेटकार्डावरचा भाव मरेपर्यंत खाली आणायचा नाही कारण आधीचे बुकिंगवाले येऊन बसतील दारात, मग मॉड्युलर किचन दे, पार्किंग फुकट दे, स्टॅम्प ड्युटी भर, असं चालायचं. नोटबंदी झाली, रेरा आला, तरी कागदावर तोच भाव. त्यातल्या त्यात खरं बघायचं तर आयजीआरच्या (नोंदणी विभागाच्या) साइटवर जाऊन इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, काढायचा. इथे निदान आकडा तोंडावर आपटतो तरी.

चहा_बिस्किट, डाऊन पेमेंटसाठी इंडियातलं काही विकणार आहात का? असेल तर ते आत्तापासून सुरू करा, इथलं घर मिळाल्यावर नाही.

चहा_बिस्किट
मनातलं ओळखलंत. नवऱ्याचा बाणेरला फ्लॅट आहे, २०१२ चा, भाड्याने दिलाय. त्यातूनच निम्मं डाऊन पेमेंट यायचंय.

पुणे_टू_पिअरसन
मग ऐका. विकणारा एनआरआय असला की गिऱ्हाईकाला एक टक्का नाही, कॅपिटल गेनच्या रेटने टीडीएस कापावा लागतो, साडेबारा टक्के अधिक सरचार्ज-सेस, आणि तो सुद्धा नफ्यावर नाही तर पूर्ण किमतीवर, जोपर्यंत तुम्ही इन्कम टॅक्सकडून कमी कपातीचं सर्टिफिकेट काढून आणत नाही. त्याला वेळ लागतो, सीए चांगला बघा. इंडेक्सेशनचा (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरायचा) जुना पर्याय जुलै २०२४ नंतर फक्त रहिवाशांना उरलाय, आपल्याला नाही. पैसे एनआरओ खात्यात जमा होणार, तिथून वर्षाला दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, इन्कम टॅक्सचा फॉर्म आणि सीएचं सर्टिफिकेट देऊन. शिवाय कॅनडालाही हा नफा दाखवायचाय, फक्त इथे खरेदी किंमत २०१२ ची नाही धरत, तुम्ही इथले रहिवासी झालात त्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरतात. त्या तारखेचं व्हॅल्युएशन एखाद्या रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून आत्ताच करून घ्या. नाहीतर असं होतं की इथे ऑफर ॲक्सेप्ट झाली, क्लोजिंग साठ दिवसांवर, आणि पैसे पुण्यात अडकलेत.

मॉर्गेजवाली_मीरा
(मी ब्रोकर आहे, आधीच सांगते, म्हणजे मला शिव्या घालायला सोपं.) बहुतेक लोक भाव बघत बसतात आणि आपल्याला लोन किती मिळेल ते शेवटी विचारतात. बँक स्ट्रेस टेस्ट (रेट वाढला तर हप्ता झेपेल का याची तपासणी) करते ती तुमच्या रेटमध्ये दोन टक्के मिळवून किंवा सव्वापाच, जे जास्त असेल त्यावर. डिसेंबर २०२४ पासून इन्शुअर्ड मॉर्गेजची (वीस टक्क्यांहून कमी डाऊन पेमेंटवर मिळणाऱ्या, विमा काढलेल्या लोनची) घराच्या किमतीची मर्यादा दहा लाखांवरून पंधरा लाखांवर गेलीय आणि पहिलं घर घेणाऱ्यांना फेडायला तीस वर्षं मिळतात, साडेआठ-नऊ लाखांचं घर तर आधीही वीस टक्क्यांशिवाय बसत होतं, आता तीस वर्षांमुळे हप्ताही हलका होतो, फक्त इन्शुरन्सचा प्रीमियम मुद्दलात मिसळतो हे लक्षात ठेवा. आणि एफएचएसए (पहिल्या घरासाठीचं करमुक्त बचत खातं) उघडलंय का दोघांनी? नसेल तर ३१ डिसेंबरच्या आत उघडा, पैसे नसले तरी उघडा, कारण वर्षाचे आठ हजार खातं उघडल्यापासूनच मोजतात. घर आत्ता घ्या किंवा तीन वर्षांनी, याच्यात नुकसान नाही.

रिअल्टर "हाच तळ" म्हणतोय त्याला विचारा, ऑफरमध्ये फायनान्सिंग आणि इन्स्पेक्शन दोन्ही अटी टाकून देशील का? सध्याच्या मार्केटमध्ये टाकता येतात. नाही म्हणाला तर रिअल्टर बदला.

चहा_बिस्किट
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. एफएचएसए नवऱ्याचं आहे, माझं नाही, उद्याच उघडते. बाणेरच्या फ्लॅटसाठी सीए शोधतोय, पुण्यातला कोणी एनआरआयवाला माहीत असेल तर प्लीज मेसेज करा. तोपर्यंत घर बघणं चालू ठेवू पण ऑफर नाही. भाड्याचं काय करावं? एप्रिलमध्ये लीज संपतंय आणि मालक शंभर डॉलर वाढवून मागतोय.

एक्सेल_काका
बिल्डिंग नोव्हेंबर २०१८ च्या आधीची आहे का बघा. १५ नोव्हेंबर २०१८ च्या आधी कोणी राहत असेल तर रेंट कंट्रोल लागू, २०२६ साठी २.१ टक्क्यांवर वाढवता येत नाही. नवीन असेल तर कायद्याने तो कितीही मागू शकतो, पण मागितलं म्हणजे मिळालं असं नाही. तुमच्याच बिल्डिंगमध्ये तेवढेच बेडरूम आता कितीला लीज होतायत ते काढा, त्याच ॲपवर "लीज्ड" असं वेगळं दिसतं, चार-पाच स्क्रीनशॉट मालकाला पाठवा. माझ्या पुतण्याने असेच पाठवले, वाढ तर राहिलीच, उलट महिन्याला दीडशे कमी झाले. लीज पण वर्षाचं करू नका, महिना-महिना ठेवा, ऑन्टॅरिओत लीज संपलं की ते आपोआप तसंच होतं, नवीन सही करायची गरज नाही. साठ दिवसांची नोटीस दिली की तुम्ही मोकळे.

शीटची कोरी प्रत तुमच्या विचारपुशीत टाकतो. कॉलममध्ये "टर्मिनेट किती वेळा" हा असू द्या, तोच सगळ्यात कामाचा आहे.