बी. आर्क. प्रवेश परीक्षा: घरी राहून चित्रकलेच्या भागाची तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही परभणीचे. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे आणि तिला आर्किटेक्चरलाच जायचंय, हे तिचं दहावीपासून पक्कं आहे. आमच्या नात्यात, ओळखीत कुणी आर्किटेक्ट नाही. इथे त्या क्षेत्रातली मंडळी आहेत म्हणून विचारते.

आम्ही गोळा केलेली माहिती अशी: नाटा, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची अभिक्षमता परीक्षा, 200 गुणांची. 2025च्या पद्धतीप्रमाणे त्यात 80 गुणांची चित्रकला कागदावर, दीड तास. उरलेले 120 गुण संगणकावर. जेईई मेनचा पेपर 2ए, म्हणजे बी. आर्क.साठीचा पेपर, 400 गुणांचा, त्यात गणित 100, अ‍ॅप्टिट्यूड 200 आणि चित्रकला 100. राज्यातल्या कॅप राउंडला (म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीला) यातला कुठलाही स्कोअर चालतो आणि बारावीच्या गुणांनाही निम्मं वजन असतं. यात काही चुकत असेल तर कृपया सांगा.

गणिताची मला काळजी नाही. अडचण चित्रकलेची आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला तिला ए ग्रेड आहे, स्थिरचित्र आणि संकल्पचित्र सुरेख काढते. पण समोर काही नसताना एखादं दृश्य मनातून काढायला सांगितलं की अडते. परवा तिनं एस. टी. स्टँड काढलं. बस छान, शेड छान, पण लांबची माणसं जमिनीवरून वर उचलल्यासारखी दिसतात आणि बसच्या टपाची रेघ एकीकडे, शेडच्या पत्र्याची भलतीकडे. बिघडलंय हे आम्हा दोघींनाही दिसतं, पण दुरुस्त काय करायचं ते कळत नाही.

क्लाससाठी संभाजीनगरला किंवा पुण्याला ठेवायचं तर बारावीचं कॉलेज बुडतं. एका ऑनलाइन क्लासला फोन केला, तर काढलेलं चित्र कोण तपासणार हे काही केल्या सांगेनात, आधी फी भरा म्हणाले. म्हणून घरीच तयारी होईल का? आणि दोन्ही परीक्षा द्याव्यात की एकीवरच जोर द्यावा?

प्रतिसाद

ताई, घरी नक्की होईल. तिचा हात तयार आहे, राहिलंय ते पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं-लांबचं कागदावर योग्य दाखवणं. तुम्ही चित्राचं इतकं नेमकं वर्णन केलंत की न बघताही सांगता येतंय.

कागदावर आधी एक आडवी रेघ फिकट मारायला सांगा. ही बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. सपाट जमिनीवर उभं राहून बघितलं, तर आपल्या उंचीच्या उभ्या माणसांचे डोळे या रेघेवरच येतात, माणूस जवळचा असो की लांबचा. लांबच्या माणसाचे फक्त पाय वर सरकतात. ती बहुधा लांबच्या माणसाला लहान करताना डोकंही मनाला येईल तिथे ठेवते, म्हणून तो तरंगतो. खात्री करायला तिला खरंच स्टँडवर घेऊन जा. उभं राहून बघा, मग बाकड्यावर बसून बघा. बसलं की तीच रेघ लोकांच्या छातीपोटाशी येते.

आता टपाची रेघ. टप डोळ्यांच्या वर, म्हणून लांब जाताना ती रेघ खाली उतरते. बसची खालची कड वर चढते आणि दोन्ही त्या आडव्या रेघेवर एका बिंदूत मिळतात. बस शेडला समांतर उभी असेल तर शेडच्या रेघाही त्याच बिंदूकडे जातील. फलाटाला तोंड करून आडवी लागली असेल तर तिचा बिंदू वेगळा, पण तोही त्याच रेघेवर. एवढं बसलं की घर, बाजार, शाळेचा व्हरांडा सगळं जमतं.

परभणीत आहात तर औंढा नागनाथला एखादा रविवार काढा. मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर मूर्ती मोजत बसायचं नाही. उन्हात कुठला थर पुढे येतो, कुठला सावलीत जातो, एवढंच पेन्सिलीनं टिपायचं. मोबाइलवर फोटो काढून घरी येऊन उतरवू देऊ नका, फोटोत खोली आधीच सपाट झालेली असते आणि तिला तीच तर शिकायचीय.

प्रतिसाद

काकू, मी बी. आर्क. तिसऱ्या वर्षाला आहे. दोन्ही द्या. एनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) आणि एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) इथले प्रवेश पेपर 2ए वर होतात, नागपूरचं व्हीएनआयटीही त्यात येतं. जेईईचा फॉर्म भरताना बी. आर्क.चा पेपर वेगळा निवडावा लागतो, तिथे लक्ष ठेवा.

नाटात एक प्रश्न थ्रीडीचा, म्हणजे दिलेल्या सामानातून उभी रचना करण्याचा असतो, सामान सेंटरवर देतात. त्याच्या सरावाला जुन्या लग्नपत्रिका उत्तम. दोन तुकड्यांना अर्ध्या उंचीपर्यंत खाच पाडायची, एकाला वरून, एकाला खालून, आणि एकमेकांत अडकवायचे. गोंद न लावता उभं राहतं. तिन्ही बाजूंनी बघून चांगलं दिसतंय का ते तपासायचं. संगणकाच्या भागात एका प्रश्नाला 108 सेकंदच मिळतात, म्हणून तो सराव घड्याळ लावूनच. आणि बारावीला निम्मं वजन आहे, तेव्हा बोर्डाचा अभ्यास मागे पडू देऊ नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डोळ्यांच्या पातळीचं तिला वाचून दाखवलं, लगेच वही घेऊन बसली. लांबची माणसं जमिनीवर आली! बस मात्र अजून जरा कललेली वाटते.

आणखी एक विचारायचंय. रंगांसाठी ती आजवर पोस्टर कलरच वापरत आली आहे. नाटाला कोरडेच रंग न्यायचे असतील तर आत्तापासून रंगीत पेन्सिली घ्याव्यात की तेलखडू? दीड तासात तीन प्रश्न सोडवायचे तर मोठा भाग पटकन कशानं भरतो? नवं चित्र उद्या इथेच टाकते, बसचं काय चुकलंय ते कृपया बघून सांगा.