वरच्या पापणीवरची रांजणवाडी एकाच जागी तिसऱ्यांदा आली आहे

प्रश्न (निपाणी)
माझ्या आईचे वय ६३ आहे. तिच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत वर्षभरात तीनदा गाठ आली. दोनदा रांजणवाडी म्हणून चिरा देऊन ती काढली, पण काढलेला भाग तपासायला पाठवला नाही. गाठ दुखत नाही. परवा कुंकू लावताना आरशात तिच्या लक्षात आले, की गाठीपुरतेच पापणीचे केस गळले आहेत आणि कड जाड, पिवळसर झाली आहे. पुन्हा चिरा द्यावा का?

उत्तर (नेत्रतज्ज्ञ, बेळगाव)
ताई, तपासणीशिवाय तिसरा चिरा कृपया देऊ नका. त्याच जागी परतणारी गाठ आणि तिथलेच केस गळणे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तैलग्रंथींच्या कर्करोगाची, म्हणजे सेबेशियस कार्सिनोमाची, शंका घ्यावीच लागते. या ग्रंथी वरच्या पापणीत जास्त असल्यामुळे तो तिथे अधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांत पापणीचा बहुतेक कर्करोग बेसल सेल प्रकारचा, म्हणजे त्वचेच्या तळाच्या थरातल्या पेशींचा, असतो, पण आपल्याकडे तैलग्रंथींच्या कर्करोगाचा वाटा त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. कधीकधी गाठ न येता एकच डोळा महिनोन्‌महिने लाल राहतो आणि थेंबांनी बरा होत नाही.

निदान बायोप्सीनेच होते. तुकडा पापणीच्या पूर्ण जाडीचा हवा आणि शंका काय आहे ते पॅथॉलॉजिस्टला लेखी कळवायला हवे, कारण नेहमीच्या प्रक्रियेत पेशींतली चरबी विरघळून जाते आणि रोग दुसऱ्याच प्रकारचा भासू शकतो. हा रोग पापणीच्या आतून आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून जाणाऱ्या पातळ आवरणातही तुटक पसरतो, म्हणून तिथलेही छोटे नमुने घेतात. कर्करोग ठरल्यास कडा सूक्ष्मदर्शकाखाली निर्मळ दिसेपर्यंत भाग काढून मग पापणी पुन्हा घडवतात. कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लसिकाग्रंथी तपासाव्याच लागतात. रोग खोबणीत शिरला तर डोळा गमवावा लागू शकतो, म्हणून मी घाई करायला सांगत आहे. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा, कारण क्वचित दोन्हींमागे एकच आनुवंशिक दोष असतो.

उत्तर (खानापूर)
काकांच्या वेळचा अनुभव सांगतो. अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. पुढे मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत जावे लागले, तर तेच नमुने तिथे पुन्हा पाहता येतात.

प्रश्नकर्ती
माझ्या सख्ख्या मामांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता. त्याचा डोळ्याशी संबंध असेल असे वाटले नव्हते, म्हणून लिहिले नाही. सोमवारी आईला घेऊन बेळगावला येत आहे, तेव्हा तेच आधी सांगेन.