अनुभव धागा: बाळाचं पोट, बाळंतिणीचं पोट

धागा सुरू करताना (कोथरूड)

बाळाला शी झाली का, हे आमच्याकडे दिवसातून इतक्यांदा विचारलं जातं की आता दूधवालाही दारातून चौकशी करतो. मला झाली का, हे मात्र कुणी विचारत नाही.

बाळ दोन महिन्यांचं होत आलंय. नॉर्मल डिलिव्हरी झाली, टाके होते. संडासला जायचं म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात, तुझंच पोट साफ नाही म्हणून बाळ कुंथतंय. आई म्हणते पाणी बेतानं पी, पोट सुटेल. डॉक्टर म्हणतात भरपूर पी. तिघींचं ऐकायचं तर मीच तीन व्हायला हवं. तर आई आणि बाळ, दोघांचेही अनुभव लिहा. काय उपयोगी पडलं, काय पडलं नाही, डॉक्टर काय म्हणाले. फक्त औषधांचे डोस नकोत, रात्री दोनला वाचून कुणीतरी देऊन मोकळं होईल.

सिंहगड रोड

माझं सिझर. पोटावर टाके असल्यावर जोर करायची हिंमत होत नाही, त्यात दुखण्याच्या गोळ्यांनी आतडी सुस्तावलेली. घरी आल्यावर आईने खुराक सुरू केला: डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं, मऊ भातावर तूप. लाडवांबद्दल माझी तक्रार नाही, रात्रीच्या फीडिंगनंतर डब्यातला लाडू खाण्यासारखं सुख नाही. पण ताटातून भाजी गायब! पालेभाजीने बाळाला हिरवी शी होते, कोबी-गवारीने गॅस होतो, काकडी थंड, दही बाधतं, फळांनी सर्दी होते. शेवटी उरला दुधी. भात, तूप आणि दुधी यांवर माणूस जगतो, पण पोट कशाने साफ होणार? ताटात चोथा म्हणून नव्हताच.

वर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. दोन्हींनी पोट धरतं. लोहाने शी काळी होते, त्याने घाबरायचं कारण नाही. मी गोळ्याच बंद करणार होते, पण आमच्या डॉक्टर बाई म्हणाल्या की बाळंतपणानंतरही 180 दिवस लोह घ्यायचं असतं, सरकारी आरोग्य केंद्रातही तेवढंच देतात. बंद करायचं नाही, त्रास होतो ते सांगायचं. त्यांनी गोळीचा प्रकार बदलून दिला, लोह आणि कॅल्शियम वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगितलं (एकत्र घेतलं तर लोह नीट अंगी लागत नाही) आणि काही दिवस लॅक्टुलोजचं पातळ औषध दिलं. ते रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, त्यामुळे दुधात उतरण्याची काळजी नाही.

आणि कमोडवर बसताना पायाखाली ठेवायला तुळशीबागेतून एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल आणलं. गुडघे वर आले की फार कुंथावं लागत नाही. सगळ्या औषधांत हे सगळ्यात स्वस्त.

औंध, बाबा

मी बाळाच्या शीची एक्सेल शीट ठेवली होती. वेळ, रंग, प्रमाण, शेरा. दुसऱ्या महिन्यानंतर शेऱ्याचा रकाना सलग रिकामा जायला लागला आणि माझी झोप उडाली. बाळ फक्त अंगावरचं दूध पिणारं, हसतंय, खेळतंय, शी मात्र नाही. बालरोगतज्ज्ञांनी तीन प्रश्न विचारले: झाली तेव्हा मऊ होती का? लघवी नीट होते का? वजन वाढतंय का? तिन्हींना हो म्हटल्यावर म्हणाले, मग शीट बंद करा. केली. म्हणजे, बायकोने डिलीट केली.

धनकवडी (प्रसूतिगृहात परिचारिका आहे)

मी रोज हेच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कोथरूडच्या सासूबाईंसाठी. दूध आईच्या रक्तातून तयार होतं, आतड्यातून नाही. आईचं पोट साफ झालं नाही म्हणून बाळाचं अडत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींकडे वेगवेगळं बघावं लागतं.

बाळाचं म्हणाल तर वयावर सगळं अवलंबून आहे. जन्मानंतरची काळी चिकट शी बहुतेक बाळांना 24 तासांत होते. 48 तास उलटले तरी झाली नसेल तर डॉक्टरांनी तपासायलाच हवं, आतड्याचा जन्मजात दोष असू शकतो. दूध नीट उतरलं की शी पिवळी आणि पातळसर होते, दिवसातून अनेकदा. या पहिल्या महिनाभरात शी फारच कमी होत असेल तर आम्ही बद्धकोष्ठता म्हणत नाही, आधी दूध पुरतंय का ते बघतो: वजन करतो, बाळ कसं ओढतं ते बघतो, लंगोट मोजतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी ओले लंगोट हवेत. साधारण सहा आठवड्यांनंतर चित्र पालटतं. अंगावर पिणारं बाळ आठवडाभर शी न करताही ठणठणीत असू शकतं. औंधच्या बाबांचं बाळ यातलंच.

कुंथणं म्हणजेही बद्धकोष्ठता नव्हे. लहान बाळ दहा-वीस मिनिटं लालबुंद होतं, पाय पोटाशी घेतं, रडतं आणि शेवटी मऊ शी करतं. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचा स्नायू सैल सोडायचा, हा मेळ त्याला अजून जमलेला नसतो. काही महिन्यांत आपोआप जमतो. तोवर पाय सायकलसारखे हलवा, कोमट पाण्याने अंघोळ घाला, पोटावरून घड्याळाच्या दिशेने हलका हात फिरवा. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून घालणं किंवा साबणाची कांडी मात्र नको. आतली त्वचा फार नाजूक असते, जखम होते. चमच्याने एरंडेल पाजणंही नको.

ताबडतोब दाखवायचं कधी? हिरवी उलटी, फुगलेलं ताठ पोट, शीमध्ये रक्त, पांढरट मातकट शी, दूध तोडणं, वजन न वाढणं. यातलं काहीही दिसलं तर धाग्यावर विचारत बसू नका.

सदाशिव पेठ, आजी

सगळं आमच्यावरच का येतं? लाडू आम्ही केले, गुटी आम्ही उगाळली, आता दोषीही आम्हीच. आमच्याकडे बाळंतिणीला शेवग्याच्या पाल्याची भाजी असायची, मेथी असायची, बाळंतशेपा असायचा. भाजी बंद हे शास्त्र आमच्या घरात कधीच नव्हतं. पाणीही तोडलं नाही कुणाचं. सीझनला सासवडकडचे अंजीर मंडईत आले की सुनेसाठी आणायचेच, पुरंदरच्या अंजिराला चवही आहे आणि त्याने पोटही साफ राहतं.

गुटीचं सांगते. बाळाने शी केली नाही की हिरड्याचे वेढे वाढवायचे, हे मी सासूबाईंकडून शिकले. नातवाच्या वेळी डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाच्या अंगातली ताकदच जाते आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा पोट अडणं हीच असते. आणि सहा महिने दुधाशिवाय काही नाही, सहाणेवरचं पाणीसुद्धा. पहिलं लगेच पटलं. दुसऱ्यावरून मुलाशी दोन दिवस अबोला होता. असो, सहाण माळ्यावर आहे.

हडपसर

एक विषय कुणीच काढत नाहीये म्हणून लिहिते. मला संडासच्या वेळी काचेने कापल्यासारखं दुखायचं, वर लालभडक रक्त. सांगणार कुणाला? घरात पाहुण्यांचा राबता, नवऱ्यालाही सांगायची लाज. चौकाचौकात मूळव्याध-फिशर-भगंदरचे बोर्ड आहेत, रिक्षांच्या पाठीवरही आहेत, पण तिथे जायचं धाडस नव्हतं आणि गेले नाही ते बरंच झालं. बाळाच्या लसीच्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना भेटून सांगितलं. त्यांनी तपासलं, फिशर निघालं, म्हणजे कडक शीमुळे पडलेली चीर. दुखतं म्हणून जायचं टाळायचं, टाळलं की शी आणखी कडक, मग आणखी दुखणार. ते चक्र तोडणं हाच उपाय. शी मऊ ठेवायला औषध, लावायला मलम आणि टबमध्ये कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा बसायचं. ऑपरेशनचं नावही निघालं नाही. पण रक्त दिसलं तर मूळव्याधच असेल म्हणून गप्प बसू नका, दाखवून घ्या.

कळ आली की उठायचं, हेही त्यांनी सांगितलं. बाळ छातीशी झोपलेलं असतं, उठवलं तर जागं होईल म्हणून आपण दाबून धरतो. मग ती कळ परत येत नाही.

हिंजवडी

लीव्ह संपून ऑफिस जॉइन केल्यावर माझं सुरू झालं. कारण साधं होतं, पाणी. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस अडकली की दीड तास वॉशरूम नाही, म्हणून सकाळी पाणीच प्यायचे नाही. त्यात दिवसातून दोनदा पंपिंग. दूध देणाऱ्या बाईला तहान उगाच लागत नाही. आता पंप लावला की शेजारी बाटली, संपेपर्यंत उठायचं नाही. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घेते (डॉक्टरांना विचारून), त्यावर भरपूर पाणी प्यावं लागतं, नाहीतर उलटं अडतं.

पोट धरण्याचं एक कारण मात्र राहिलं होतं. पाणी-भाजी सगळं सुधारूनही थकवा जाईना, केस गळत होते, थंडी वाजायची. थायरॉइड तपासलं, कमी काम करत होता. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात असं होऊ शकतं म्हणे.

विश्रांतवाडी

आमचं सहाव्या महिन्यापर्यंत सुरळीत होतं, वरचं सुरू झालं आणि गोट्या. भाताची पेज, बटाटा, थोडंसं कच्चं केळं, म्हणजे सगळं पोट धरणारंच. आता वाफवलेलं पेअर, पिकलेली पपई, मूगडाळीच्या खिचडीत लाल भोपळा-पालक आणि जेवणाबरोबर वाटीने घोट घोट पाणी. वर्षाच्या आत गाईचं दूध प्यायला देत नाही. बहिणीचं बाळ डब्याच्या दुधावर होतं, तिथे वेगळंच निघालं: बाळाचं पोट भरावं म्हणून आजोबा पावडर चमच्यावर शीग लावून घालत होते. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच, चमचा सपाट करून.

कोथरूड

धनकवडीच्या ताईंची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी ताटात पालकाची भाजी होती. आता एक शंका. काळ्या मनुका रात्री भिजवून ते पाणी बाळाला द्यावं असं शेजारच्या काकू म्हणतात. चालेल का?

धनकवडी

नाही. बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त दूध. मनुका भिजवा, पाणी तुम्ही प्या आणि मनुकाही तुम्हीच खा.