मदत हवी आहे: सायकलच्या उडीचा फोटो, "अजून एकदा मार" असं न म्हणता

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जण मिळून एक लघुपट करतोय. दोघं माउंटन बाइकवर, एक जण व्हिडिओ कॅमेऱ्यामागे, एक मैत्रीण दिग्दर्शक, एक जण आवाज आणि ड्रोन दोन्ही सांभाळतो, आणि उरलेला मी. माझ्याकडे फोटो. पोस्टरसाठी एक तरी जबरदस्त हवा, बाकी शूटिंगच्या आठवणी.

मुख्य स्टंट असा: उतारावरून सुसाट यायचं, मातीच्या उंचवट्यावरून हवेत जायचं, मधल्या खड्ड्यावर सायकल आडवी फिरवायची, परत सरळ करून पलीकडच्या उतारावर टेकवायची. बघताना पोटात गोळा येतो. माझ्या फोटोत मात्र कोणी पायरीवरून उतरल्यासारखं दिसतं.

मागच्या वेळी काय झालं ते सांगतो, प्रश्न तिथूनच आलाय. पहिला टेक झकास झाला, व्हिडिओवाला खूश. सायकलवाला मित्र धापा टाकत माझ्यापाशी आला, "मिळाला का?" मी स्क्रीन बघितली. उंचवट्याकडे येतानाचे ढीगभर फोटो आणि उडीचा एकही नाही, ऐन वेळी बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरला होता. मी म्हटलं, "अजून एकदा मारतोस?" त्याने मारली. पुढचं चाक आधी टेकलं आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. हेल्मेट, पॅड सगळं होतं म्हणून मुरगळलेल्या मनगटावर निभावलं. मला कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

तर एका उडीत फोटो मिळवायचा कसा? कॅमेरा मिररलेस, सेकंदाला १० फोटो काढतो. लेन्स २४-७० आणि ७०-२००, दोन्ही एफ २.८. आवाजवाल्याने सायलेंट शटर सक्तीचं केलंय, त्यात चाकं अंड्यासारखी येतात. दिग्दर्शक म्हणते व्हिडिओतलीच फ्रेम काढू. फ्लॅश आणू का? जागा झाडीतली आहे, ऊन-सावलीचा खेळ. जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

धुरळा:

अंड्यांपासून सुरू करतो. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. त्यात बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि शेवटची ओळ येईपर्यंत सायकल पुढे सरकलेली असते. शटर १/४००० सेकंद ठेवलंस तरी चाक गोल होणार नाही, कारण घोळ वाचनाच्या वेगाचा आहे. अख्खा सेन्सर एकदम वाचणारे कॅमेरे आता आहेत, सोनीचा ए९ थ्री २०२३ मध्ये जाहीर झाला. पण त्यासाठी कर्ज काढू नकोस. मेकॅनिकल, म्हणजे खटखट करणारं पडद्याचं शटर वापर.

आता हिशोब. सायकल ताशी ३६ किमी धर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. १/५०० मध्ये ती २ सेंमी सरकते, १/२००० मध्ये अर्धा सेंमी. सेकंदाला १० फोटो म्हणजे दोन फोटोंच्या मधे तब्बल १ मीटर! तुला हवा तो क्षण त्या मीटरमध्ये आरामात हरवतो. तेव्हा बटण दाबून ठेवून देवावर हवाला ठेवू नये. सायकल उंचवट्याच्या कडेवरून सुटली की दाब, पाच-सहा फोटोंत सोड. बफरही भरणार नाही. उडीच्या माथ्यावर वर जाण्याचा वेग शून्य होतो आणि सायकल आडवी फिरवणारे बहुधा तिथेच पूर्ण फिरलेले असतात. तोच क्षण धर.

व्हिडिओतल्या फ्रेमचं म्हणशील तर सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रीकरणात शटर साधारण १/४८ असतं. तेवढ्यात सायकल २० सेंमी पुढे. पडद्यावर ते डोळ्याला छान वाटतं, पोस्टरवर नुसता फराटा दिसेल.

फोकस: तोंड झाकणारं हेल्मेट आणि वर गॉगल, त्यामुळे डोळे ओळखणाऱ्या फोकसवर विसंबू नकोस. बाजूने काढणार असलास तर त्याची रेषा जिथून जाते तिथे आधीच फोकस करून मॅन्युअलवर टाक, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ ४ ते ५.६. एक्स्पोजरही मॅन्युअल, नाहीतर मागचं आभाळ दिसताच कॅमेरा सायकलवाल्याला काळाठिक्कर करेल. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० झाला तर होऊ दे. दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

तिपाई:

दोनचार सेटवर फोटो काढलेत, त्यावरून. फ्लॅशचं नावही काढू नका. व्हिडिओ कॅमेराही ओळीओळीनेच वाचतो, त्यामुळे तुमच्या एका फ्लॅशने त्यांच्या फ्रेममध्ये अर्ध्या भागात पांढराफटक पट्टा येतो आणि टेक वाया. शिवाय डोळ्यांत गेला तर तो माणूस हवेत आहे हो!

शटरच्या आवाजाबद्दल आवाजवाल्याशी भांडण्याआधी एक विचारा: या टेकचा आवाज खरंच वापरणार आहात का? स्टंटच्या दृश्यांत चाकांची घरघर, मातीचा धप्प बहुतेकदा नंतर वेगळा रेकॉर्ड करून बसवतात. तसं असेल तर तुमची खटखट कोणाला नडत नाही. संवादांच्या वेळी सायलेंट ठेवा, तिथे चाकं फिरत नसतात.

जागा व्हिडिओ कॅमेऱ्याच्या शेजारी, त्याच्या भिंगाच्या जरा मागे. ड्रोन वर असेल तर झाडाखाली. आणि कुठे बसणार ते टेकआधी मोठ्याने सांगून टाका.

उतारावरचा:

मी सायकलवाल्यांच्या बाजूने बोलतो.

बर्मच्या, म्हणजे वळणावरच्या मातीच्या बांधाच्या, बाहेरच्या अंगाला उभं राहायचं नाही, चुकलेली सायकल तिकडेच जाते. लँडिंगच्या सरळ रेषेतही नाही. एकदा बसलास की हलू नकोस. कडेजवळ अचानक कोणी उठलं की नजर तिकडे जाते आणि जिथे नजर तिथे सायकल.

तुझ्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर फुकटात उपलब्ध आहे. मोठ्या उडीआधी आम्ही दोन-तीनदा नुसते वेग बघायला येतो, कडेपाशी ब्रेक मारतो. तेव्हा कॅमेरा लाव. रेषा, फोकस, उजेड, तुझा हात कधी हलतो, सगळं तिथे जुळव. बहुतेक फोटोग्राफर तेव्हा बॅगेत काहीतरी शोधत असतात.

आणि उडी छोटी का दिसते? कारण तू ७०-२०० ने नुसता माणूस कापून घेतोस. जमीन नाही, कड नाही, मग उंची मोजायची कशाशी? दुसऱ्या लेन्सच्या रुंद टोकाला, २४ वर ये, खाली बस, सुटण्याची कड आणि लँडिंग दोन्ही चौकटीत घे. समोरून टेलीने (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने) काढलं तर उतारही सपाट दिसतो. खालून रुंद लेन्सने उडी आहे त्याहून मोठी दिसते, पण ते फार ताणू नकोस. बघणाऱ्या सायकलवाल्याला कळतं.

किती उड्या हे तो ठरवेल. आकडा आधी ठरवा, आणि तो "झालं" म्हणाला की झालं. दमलेल्या माणसाची शेवटची उडी, बऱ्याचदा तीच महागात पडते.

धागाकर्ता:

तिघांचेही आभार. आज शूट झालं. मनगट बरं आहे, दोन उड्या ठरवल्या होत्या, दोनच झाल्या.

वेग बघायच्या फेऱ्यांना कॅमेरा लावून बसलो तेव्हा कळलं की माझं बोट दर वेळी उशिरा दाबलं जातंय. तिसऱ्या फेरीला जमलं. आवाजवाल्याने विचारताक्षणी मेकॅनिकलला परवानगी दिली, म्हणाला "मला वाटलं तुलाच सायलेंट आवडतं".

पहिल्या उडीला पाच फोटो, १/१६०० वर. चौथ्यात सायकल पूर्ण आडवी, मागच्या चाकावरून सुटलेली माती हवेत, खाली कड, पलीकडे लँडिंग. चाकं गोल. डाव्या कोपऱ्यात ड्रोन उडवणाऱ्याचा बूट आलाय, तो कापला तर कडही जाते, त्यामुळे बुटासकट दिग्दर्शकाला पाठवलाय.

दुसऱ्या उडीला मी कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघितलं.

एक उरलंच: १/६० वर पॅनिंग करताना, म्हणजे सायकलबरोबर कॅमेरा फिरवत काढताना, सायकल जरा स्पष्ट येते, पण सायकलवाल्याचं डोकं दर वेळी हललेलं. खडबडीत वाटेवर असंच होतं की मी चुकतोय?

उतारावरचा:

खडबडीत वाटेवर डोकं वरखाली होणारच. गुळगुळीत वळण शोध आणि १/१२५ वर ये. बूट राहू दे.